ठिबकच्या डिस्क फिल्टरमधील चिवट क्षार असे काढले : माझा अनुभव

रावेर तालुक्यातील आमच्या केळीबागेत पंप पूर्ण दाबाने चालूनही नळ्यांच्या शेवटच्या झाडांना पाणी पोहोचत नव्हते. फिल्टरआधीच्या गेजवर (दाबमापकावर) २ किलो (प्रति चौरस सेंमी) आणि नंतरच्या गेजवर जेमतेम १ किलो दाब दिसे. हा फरक ०.५ किलोच्या वर गेला, की फिल्टर चोंदला असे समजावे. मोटार तपासली, ड्रिपर (झाडाशी थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या) बदलले, फिल्टरमधील पाणी गाळणाऱ्या खाचांच्या चकत्या (डिस्क) नळाखाली धुतल्या. फरक पडेना आणि ऐन उन्हाळ्यात जीव मेटाकुटीला आला.

चकती उन्हात तिरपी धरल्यावर बारीक खाचांत पांढरा, नखानेही न निघणारा थर दिसला. बोअरच्या जड पाण्यातील हा चुना ब्रशने निघत नाही, त्याला आम्लच लागते.

मोटार बंद करून ड्रेन व्हॉल्व्ह उघडला आणि दोन्ही गेज शून्यावर आल्यावरच फिल्टरचे झाकण धरणारा क्लॅम्प सोडला. चकत्या सुतळीत ओवल्या. हातमोजे व चष्मा घालून, प्लॅस्टिकच्या बादलीतील नऊ भाग पाण्यात एक भाग हायड्रोक्लोरिक आम्ल हळूहळू ओतले (आम्लात पाणी कधीही ओतू नये, ब्लीचिंग पावडर जवळही आणू नये) आणि बुडबुडे थांबेपर्यंत चकत्या त्यात बुडवून ठेवल्या. नंतर त्या स्वच्छ धुऊन, रबर रिंग नीट बसवून फिल्टर जोडला. शेवटी सबमेनचा (नळ्यांना पाणी पुरवणाऱ्या उपवाहिनीचा) फ्लश व्हॉल्व्ह व मग थोड्या थोड्या नळ्यांची टोके उघडून नितळ पाणी येईपर्यंत गाळ वाहू दिला. आता दोन्ही गेजमधील फरक ०.२ किलोच्या आत आहे.