इंग्रजी क्रियापदाचे प्रकार: व्याख्या सोडा, पुढचा शब्द बघा

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये व्याख्या पाठ करणारे खूप भेटतात. हिंजवडीत मुलाखतीला बसलं की मात्र तोंडातून ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ निघतंच.

सगळ्यात जास्त मार खातात ते सकर्मक-अकर्मकात, कारण डोक्यात मराठी क्रियापद चालू असतं. आपण स्वारगेटला ‘पोहोचतो’, ऑफिसात ‘शिरतो’, दोन्ही अकर्मक. इंग्रजीत मात्र रीच आणि एंटर यांना थेट कर्म लागतं. ‘आय रीच्ड स्वारगेट’ म्हणा, मध्ये ‘टू’ नको. ‘एंटर्ड द ऑफिस’मध्ये ‘इन्टू’ नको, ‘डिस्कस्ड द प्लॅन’मध्ये ‘अबाउट’ नको. लिसन आणि वेट यांचं नेमकं उलटं: ‘लिसन टू मी’, ‘वेट फॉर द बस’. त्यामुळे वहीत नुसता अर्थ लिहून भागत नाही, शेजारी एक पूर्ण वाक्य हवं. अप्पा बळवंत चौकातून डिक्शनरी घेणार असाल, तर शिकणाऱ्यांसाठीची घ्या. त्यातल्या अनेकांत क्रियापदापुढे ‘टी’ (सकर्मक) किंवा ‘आय’ (अकर्मक) छापलेलं असतं.

सहायक क्रियापदांत बी, हॅव, डू ही तिन्ही दुहेरी आहेत. ‘आय डू माय वर्क’मध्ये डू मुख्य, ‘डू यू वर्क?’मध्ये मदतनीस. मदतनीस डूनं काळ उचलला की मुख्य क्रियापद मूळ रूपात येतं, म्हणून ‘डिड यू वेंट’ चूक, ‘डिड यू गो’ बरोबर. कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट ही नऊ मोडल, म्हणजे शक्यता, परवानगी, बंधन असं काही सांगणारी सहायक क्रियापदं. यांना ‘एस’ लागत नाही आणि यांच्यापुढे ‘टू’ येत नाही. एवढं पुरे.

स्थिती सांगणारी क्रियापदं, म्हणजे नो (माहीत असणं), ओन (मालकीचं असणं), बिलाँग (कुणाचं तरी असणं) वगैरे, सहसा ‘आयएनजी’ घेत नाहीत. भाऊ ‘असणं’ ही स्थिती, म्हणून ‘आय हॅव टू ब्रदर्स’. पण ‘आय ॲम हॅविंग लंच’ चालतं, कारण तिथे हॅव म्हणजे जेवणं. थिंकही तसंच: मत असेल तर ‘आय थिंक’, विचार चालू असेल तर ‘आय ॲम थिंकिंग’. यादी घोकू नका, अर्थ तपासा.

राहिलं लिंकिंग, म्हणजे कर्त्याला त्याच्या वर्णनाशी जोडणारं क्रियापद. क्रियापदाच्या जागी ‘इज’ घालून पाहा. ‘द मिसळ टेस्ट्स गुड’ म्हणजे जवळपास ‘इज गुड’; म्हणून ‘गुड’ हे विशेषणच हवं, ‘वेल’ नाही. ‘शी टेस्टेड द मिसळ’मध्ये मात्र ‘इज’ बसत नाही. तिथे टेस्ट सकर्मक.