कात्री, मणी आणि शाडू: मुलांच्या हस्तकामातल्या या चुका टाळा

पहिली-दुसरीच्या मुलाला कागद कापता आला नाही, की "याचा हातच वळत नाही" असं आपण म्हणून मोकळे होतो. आधी कात्री तपासा. नाशकातल्या मेन रोडला वह्या-पुस्तकांबरोबर कात्री घेताना ती मुलाच्याच हातात देऊन बघा. भोकं बोटांना सैल होत असतील तर पकड सुटते. प्लास्टिकच्या पात्यांची "सुरक्षित" कात्री तर कागद कापण्याऐवजी चावतेच. टोकं गोल हवीत, धार मात्र खरी हवी.

कागद पात्यांत दुमडतोय? मूल डावखुरं आहे का ते पाहा. नेहमीची कात्री उजव्या हाताच्या दाबाने पाती एकमेकांवर घट्ट बसवते. डाव्या हातात तोच दाब त्यांना फाकवतो, शिवाय वरच्या पात्याआड रेघही दिसत नाही. "दोन्ही हातांना चालणारी" म्हणून मिळते तिची बहुधा फक्त मूठ सारखी असते, पाती उजवीच. डावखुऱ्यांची कात्री वेगळी मिळते, तीच घ्या.

कोपर हवेत गेलं की रेघ भरकटते. कोपर अंगाजवळ, दोन्ही अंगठे वर. सुरुवातीला वर्तमानपत्र देऊ नका, ते लुळं पडतं. जुन्या लग्नपत्रिका उत्तम! त्यांच्या दोन बोटं रुंद पट्ट्या करून द्या, एका कापात तुकडा पडला पाहिजे. गोल कापताना कात्री नाही, कागद फिरवायचा. उजव्या हाताच्या मुलाने घड्याळाच्या उलट दिशेने कापत जायचं.

मणी ओवताना दोरा वाकत असेल तर टोक फेव्हिकॉलमध्ये बुडवून वाळवा. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर बारीक मणी काढूच नका, घशात अडकतात. संक्रांतीला पतंग करताना शिवणाचा साधा दोरा द्या. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी नाशकात दर जानेवारीत तो कुठून तरी उगवतोच.

फेव्हिकॉलची बाटली हातात दिली की कागद भिजून फुगणारच. झाकणात थेंबभर काढून द्या.

सगळ्यात मोठी चूक मात्र पालकांची, विशेषतः प्रदर्शनाच्या आदल्या रात्री: "दे इकडे, मी करते." कडा सरळ येतात, मुलाच्या बोटांना काहीच मिळत नाही. वेडंवाकडं तसंच जाऊ द्या. पण नीट साधनं देऊनही सहा-सात वर्षांच्या मुलाला बटण लावणं, डबा उघडणं जमत नसेल, तर बाईंशी आणि बालरोगतज्ज्ञांशी बोला.

फेव्हिकॉल थेंबभर, शाडू मात्र मुक्तपणे द्या. पोळीच्या कणकेइतका मऊ हवा. कडक असेल तर मूल दोन मिनिटांत कंटाळतं, सैल असेल तर हाताला चिकटतो. तडे जाऊ लागले की बोट ओलं करून फिरवायचं, वरून पाणी ओतायचं नाही. हात बेसिनमध्ये नको, बादलीत धुवा. नाहीतर पाइप तुंबतो. माती तळाशी बसली की वरचं पाणी झाडांना घाला आणि खालचा गाळ फडक्यावर सुकवून पुढच्या वेळी वापरा.