कर्मकांडाविना निरोप देताना

घरातले माणूस गेल्यावर धार्मिक विधी करायचे नाहीत, असे ठरवणारी कुटुंबे महाराष्ट्रात आता दुर्मीळ राहिलेली नाहीत. मात्र त्यांतल्या अनेकांना तिसऱ्या-चौथ्या दिवशी घर अचानक रिकामे वाटू लागते, कारण काय करायचे नाही हे ठरलेले असते आणि त्याऐवजी काय करायचे हे कोणीच ठरवलेले नसते. परलोक न मानणाऱ्यानेही हे कबूल करावे की, तेरा दिवसांचा तो जुना क्रम दुःखाने बधिर झालेल्या माणसांच्या हातांना काम देत असे, घर माणसांनी भरलेले ठेवत असे आणि शोकाला एक मुदत घालून देत असे. ही तिन्ही कामे पुरोहिताशिवायही होऊ शकतात, पण ती आधी ठरवावी लागतात.

ठरवण्याची खरी वेळ जिवंतपणीची. एका कागदावर आपली इच्छा साध्या शब्दांत लिहावी: नेत्रदान, देहदान की दहन, कोणते विधी नकोत, कोणाला कळवावे. खाली तारीख घालून सही करावी आणि प्रती घरातल्या दोघांकडे द्याव्यात. हा कागद मृत्युपत्रासोबत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवण्याची चूक बरेच जण करतात. तो उघडला जातो तेव्हा अंत्यसंस्कार होऊन आठवडा उलटलेला असतो. इच्छा लिहिताना पर्यायही लिहावा. महात्मा फुल्यांनी आपला देह मिठात पुरावा असे लिहून ठेवले होते, पण नगरपालिकेने परवानगी नाकारल्यामुळे १८९० साली त्यांचे दहनच करावे लागले. गोपाळ गणेश आगरकरांनी तर आपल्या दहनाच्या खर्चाचे पैसेसुद्धा पुडीत बांधून उशाशी ठेवले होते, असे सांगतात. एवढी टोकाची तयारी नसली तरी कागद तरी असावा.

नेत्रदान करायचे असेल तर पहिले सहा तास महत्त्वाचे असतात. डॉक्टरांनी मृत्यू घोषित करताच जवळच्या नेत्रपेढीला फोन करावा, पंखा बंद करावा, पापण्या मिटवून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवाव्यात आणि डोक्याखाली उशी देऊन डोके थोडे उंच करावे. पथक घरी येते, पंधरा-वीस मिनिटांत काम पूर्ण करते आणि चेहरा विद्रूप होत नाही, हे घरातल्या ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवलेले बरे. वय, चष्मा किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांपैकी कशाचीही अडचण येत नाही. काही संसर्गजन्य आजार असल्यास मात्र नेत्रपेढी नकार देते. देहदानाचे वेगळे. देह वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात काही तासांत पोहोचवावा लागतो, शवविच्छेदन झालेला देह सहसा स्वीकारला जात नाही आणि भरून दिलेला अर्ज असला तरी वारसांची संमती नसेल तर गोष्ट तिथेच थांबते. म्हणून या इच्छेची चर्चा मुलांशी झालेली असायला हवी. शिवाय महाविद्यालयाने नकार दिल्यास काय करायचे, तेही ठरलेले असावे.

दहन करायचे असेल, तर विद्युतदाहिनी किंवा गॅसदाहिनी असलेली स्मशानभूमी निवडावी. एका चितेला साधारण तीनेकशे किलो लाकूड लागते, आणि त्यासाठी पडणाऱ्या झाडाचे दुःख कोणी करत नाही. अग्नी कोणी द्यावा, या प्रश्नाला एकच निकष पुरे आहे: ज्याने त्या माणसाची जवळून सेवा केली आणि ज्याला द्यावासा वाटतो, त्याने द्यावा. फुल्यांच्या अंत्ययात्रेत टिटवे, म्हणजे प्रेतापुढे धरायचे मडके, कोणी धरायचे यावरून वाद झाला, तेव्हा ते सावित्रीबाईंनी स्वतः धरले होते. आज मुलीला किंवा पत्नीला मागे उभे करणाऱ्यांना सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीचे हे उत्तर शांतपणे ऐकवावे. त्याच वेळी पत्नीच्या कपाळाचे कुंकू पुसायला कोणी पुढे येणार नाही, याकडे घरातल्या एका खंबीर स्त्रीने लक्ष द्यावे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये या विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, तेव्हा जे एका ग्रामसभेला जमले ते एका घराला जमायला हरकत नाही.

यानंतरचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे स्मरणसभा, आणि तीच बहुतेक ठिकाणी सर्वांत घाईने उरकली जाते. ती स्मशानात न घेता चार-पाच दिवसांनी घरी किंवा सोसायटीच्या सभागृहात घ्यावी. बोलणारे पाच-सहाच असावेत, प्रत्येकाला आधी कळवावे आणि एकच विनंती करावी: गुणांची यादी नको, एक प्रसंग सांगा. ‘ते अत्यंत मनमिळाऊ होते’ हे वाक्य कोणाबद्दलही खपते. पण ते रोज सकाळी शेजारच्या आजींचे वर्तमानपत्र आधी वाचून, पुन्हा नीट घडी घालून त्यांच्या दारात ठेवत, हे एकाच माणसाबद्दल खरे असते. त्यांच्या हट्टीपणाचे किस्सेही येऊ द्यावेत. सभेत हसू फुटले तर अपमान झाला असे समजू नये. मृत व्यक्ती वरून पाहते आहे, असे कोणी बोलून गेले तर त्याला दुरुस्त करू नये. सभा वादविवादाची नसते.

उरलेल्या दिवसांसाठी कामे वाटून द्यावीत. भेटायला येणाऱ्यांच्या चहाची जबाबदारी एकाकडे, २१ दिवसांच्या आत करायच्या मृत्युनोंदणीची दुसऱ्याकडे, पुस्तके आणि कपडे गरजूंपर्यंत पोहोचवण्याचे काम तिसऱ्याकडे. लहान मुलांनाही फोटो निवडायला बसवावे, आणि त्यांनी विचारले तर ‘देवाघरी गेले’ याऐवजी ‘ते मेले, आता ते परत येणार नाहीत’ असे जवळ घेऊन सांगावे. रक्षा झाडाला घालायची असेल तर थोडीच घ्यावी आणि भरपूर मातीत मिसळावी, कारण ती खारट असते आणि रोप जळू शकते.

सर्वांत अवघड प्रश्न उरतो तो घरातल्याच आस्तिकांचा. गेलेल्या माणसाची लेखी इच्छा पाळावीच. परंतु मागे राहिलेल्यांपैकी कोणाला आपल्यापुरते काही करायचे असेल, तर तत्त्वासाठी त्याला अडवणे मला माणुसकीला धरून वाटत नाही. आमच्या मामांनी सारे विधी नाकारले होते आणि आम्ही ते कसोशीने टाळले. दहाव्या दिवशी सकाळी मामींनी कोणालाही न विचारता गॅलरीच्या कठड्यावर भाताची मूद ठेवली. भाचे मंडळींपैकी एकजण काही बोलणार होता, पण त्याला आम्ही खुणेने गप्प केले. कावळा बराच वेळ आलाच नाही. शेवटी एक खार आली, तिने दोन्ही हातांत शीत धरून निवांतपणे खाल्ले, आणि मामींनी तिला हाकलले नाही.