'टाटओर्ट'मधली सूडकथा कशी पाहावी

'टाटओर्ट' म्हणजे घटनास्थळ. जर्मन दूरचित्रवाणीवरची ही गुन्हेकथांची मालिका २९ नोव्हेंबर १९७० ला सुरू झाली आणि अजून चालू आहे. हजारावा भाग २०१६ च्या नोव्हेंबरात झाला, म्हणजे पहिल्यापासून पाहू म्हणणाऱ्याने आशा सोडावी. तशी गरजही नाही. प्रत्येक भाग सुमारे दीड तासाचा आणि स्वतंत्र असतो, शहरागणिक पोलिसांची जोडीही बदलते. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'द ओल्ड फॉक्स' पाहिलेल्यांना जर्मन पोलिसांची ही संथ चाल ओळखीची वाटेल.

यातल्या सूडकथा पाहायला थोडी तयारी लागते. खुनी कोण, हे अशा भागात कधीकधी अर्ध्या वाटेवरच कळतं. शोधायचा असतो तो जुना हिशेब: कोणाचं कोणाकडे काय बाकी होतं. तो हिशेब संवादांच्या व्याकरणात आणि जर्मन फौजदारी कायद्यात दडलेला असतो, आणि इंग्रजी सबटायटलमधून नेमका तोच गळतो. मराठी कानाला यातलं बरंचसं सहज पकडता येतं, म्हणून मध्ये इंग्रजी घेऊच नये.

वेळ आणि जागा

नवा भाग रविवारी रात्री ८.१५ ला, आठच्या बातम्या संपल्या की लागतो. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपल्याकडे तेव्हा रात्रीचे ११.४५ झालेले असतात, हिवाळ्यात १२.४५. उन्हाळी सुट्टीत बहुतेक जुनेच भाग दाखवतात.

जागरण नको असेल तर भाग नंतर एआरडी या जर्मन सार्वजनिक वाहिनीच्या मेडियाटेकवर, म्हणजे तिच्या ऑनलाइन संग्रहावर पाहता येतो. इथे दोन अडचणी येतात. हक्कांमुळे काही भाग जर्मनीबाहेर चालत नाहीत. आणि बारा वर्षांची वयोमर्यादा असलेले भाग वयाची नोंद केली नसेल तर जर्मन वेळेनुसार रात्री ८ ते सकाळी ६ एवढ्यातच सुरू होतात. दुपारी प्रयत्न करून 'बिघडलंय' म्हणणारे पुष्कळ असतात, पण बिघडलेलं काही नसतं. भारतातून उन्हाळ्यात सकाळी ९.३० पर्यंत आणि हिवाळ्यात १०.३० पर्यंत ही खिडकी उघडी असते. सोमवारी सकाळचा चहा घेऊन बसा.

कर्णबधिरांसाठीची जर्मन सबटायटल्स चालू करा. दार वाजलं, फोन आला, हेही त्यात लिहिलेलं असतं. अंधांसाठीची वर्णनयुक्त आवृत्ती मिळाली तर भाषा शिकणाऱ्याने दुसऱ्यांदा तीच लावावी, कारण पडद्यावरची प्रत्येक हालचाल सोप्या वाक्यात ऐकू येते.

कोणतं शहर आधी

पहिलाच भाग व्हिएन्ना, म्युनिक किंवा फ्रांकोनियाचा निवडला की बोलीभाषेने गाडी अडते. पुण्यात मराठी शिकलेल्याला थेट मालवणीत उभं करावं तसं होतं. स्विस भाग मुळात स्विस जर्मनमध्ये चित्रित होतात आणि जर्मनीसाठी प्रमाण जर्मनमध्ये डब केलेले असतात. भाषा सोपी, पण ओठ जुळत नाहीत.

सुरुवात उत्तरेकडून करा. कील शहराचा पोलिस अधिकारी बोरोव्स्की कमी आणि स्वच्छ बोलतो. त्याच्या भागांत काय कोर्टाल्स नावाच्या खुन्याची तीन भागांची साखळी आहे: २०१२, २०१५ आणि २०२१. ती मात्र क्रमानेच पाहा. खुनी पहिल्या भागात सुरुवातीपासूनच समोर असतो, त्यामुळे रहस्य फुटायची भीती नाही आणि सगळं लक्ष बोलण्याकडे देता येतं.

कान कुठे लावायचा

एक कोरा कागद घ्या. पहिल्या वीस मिनिटांत जितकी माणसं येतील त्यांची नावं गोलाकार लिहा आणि कोण कोणाला 'डू' म्हणतं, कोण 'झी', ते बाण काढून दाखवा. डू म्हणजे तू, झी म्हणजे तुम्ही. इंग्रजी सबटायटलमध्ये दोन्हींचं एकच होतं. चौकशीत 'तिची फक्त तोंडओळख आहे' म्हणणारा माणूस घाईत तिला एकदा 'डू' म्हणून जातो, आणि बाकीचा भाग त्या एका शब्दावर उलगडतो. चौकशी करणारा अधिकारी संशयिताला शिस्तीत 'झी' म्हणत असतो; तो 'डू'वर घसरला, तर प्रकरण त्याच्यासाठी खाजगी झालं आहे असं समजा.

मात्र आपला हिशेब जसाच्या तसा लावू नका. आपल्याकडे आईला अगं आणि वडिलांना अहो म्हणणारी घरं आहेत. जर्मन घरात आजोबांपासून नातवापर्यंत सगळे 'डू'. म्हणून बाप-लेकात 'झी' ऐकू आलं तर तो आदर नसतो. नातं तुटल्याची खूण असते.

दुसरी गोष्ट याहून मोलाची. आपण 'तो घरी होता' आणि 'तो म्हणे घरी होता' यांत फरक करतो. जर्मनमध्ये हा 'म्हणे' क्रियापदात असतो, आणि त्याचे तीन प्रकार आहेत. पोलिस साक्ष वाचून दाखवताना 'एर झाइ' म्हणतात: जबाबात असं आहे, आम्ही हमी घेत नाही. 'एर झोल' आलं तर इतर लोक असं सांगतात. आणि 'एर विल त्सु हाउझं गेवेझन झाइन' म्हणजे तो घरी होता हा त्याचा स्वतःचा दावा, आणि बोलणाऱ्याचा त्यावर फारसा विश्वास नाही. 'विल'चा 'इच्छा आहे' हाच एक अर्थ माहीत असणारे इथे हमखास फसतात. कागदावर प्रत्येक 'विल'पुढे प्रश्नचिन्ह टाका. शेवटी खोटं निघालेलं अ‍ॅलिबाय बहुधा त्यातलंच एक असतं.

कायदा: सूडाला किती शिक्षा

जर्मन दंडसंहितेत कलम २११ म्हणजे मोर्ड (खून; उच्चार 'मोर्ट') आणि कलम २१२ म्हणजे टोटश्लाग. दुसऱ्याला आपला 'सदोष मनुष्यवध' जवळचा, पण दोन्ही एक नव्हेत. जाणूनबुजून मारणं एवढ्याने जर्मनीत मोर्ड होत नाही. त्यासाठी कायद्यात दिलेलं एखादं लक्षण लागतं: हाव, बेसावध माणसाच्या असहायतेचा फायदा घेणं, दुसरा गुन्हा झाकणं, किंवा 'नीच हेतू'. म्हणून आरोपीचा वकील 'ती घटना कशी घडली'पेक्षा 'मृताला कल्पना होती का' यावरच घासाघीस करतो. पाठीमागून हल्ला आणि समोरून भांडत हल्ला यांत जन्मठेपेचा फरक पडू शकतो.

मग सूड हा नीच हेतू धरायचा का? दरवेळी नाही. ज्या रागातून सूड उगवला तो रागच नीच असेल तरच, असं जर्मन न्यायालयं मानतात. १९८१ साली ल्युबेकच्या न्यायालयात मारिआने बाखमायर या आईने आपल्या सात वर्षांच्या मुलीला मारल्याचा खटला ज्याच्यावर चालू होता त्याला भर सुनावणीत गोळ्या घातल्या. १९८३ मध्ये तिला टोटश्लाग आणि बेकायदा शस्त्राबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. देश तेव्हा दोन बाजूंनी भांडत होता, आणि मुलाचा सूड घेणारं पात्र पडद्यावर आलं की जर्मन प्रेक्षकाला तीच आठवते.

आणखी दोन आकडे लक्षात ठेवा, पटकथा त्यांवरच चालतात. मोर्डचा खटला कधीही भरता येतो. १९७९ मध्ये त्याची मुदत कायमची काढून टाकली. टोटश्लागची साधारण २० वर्षांनी संपते. त्यामुळे पंचवीस वर्षांपूर्वीचा मृत्यू उकरला गेला की अधिकारी मोर्डचं लक्षण शोधत धावतात. ते सापडलं नाही तर गुन्हेगार मोकळा, आणि मृताच्या भावाकडे एकच वाट उरते. दुसरा आकडा १५. जन्मठेपेच्या कैद्याला सशर्त सुटका लवकरात लवकर १५ वर्षांनी मिळू शकते, अपराध विशेष गंभीर ठरला असेल तर आणखी उशिरा. एखादा माणूस छोटी बॅग घेऊन तुरुंगाच्या फाटकातून बाहेर पडला की हातातला कागद उलटा करा आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या प्रकरणातली नावं लिहायला लागा.

कोण काय करू शकतं

तपासाचा मालक पोलिस नसून सरकारी वकील असतो. झडतीचा किंवा अटकेचा आदेश न्यायाधीश देतो आणि पकडलेल्याला दुसरा दिवस संपायच्या आत त्याच्यासमोर उभं करावं लागतं. ज्यूरी नाही, खुनाच्या खटल्यात तीन न्यायाधीश आणि दोन सामान्य नागरिक एकत्र बसतात. मृताचे नातेवाईक सहफिर्यादी म्हणून प्रश्न विचारू शकतात. सूडकथेत या बाकावर बसलेल्या माणसाच्या हातांकडे बघत राहावं.

'त्साॅयगं' म्हणजे साक्षीदार आणि 'बेशुल्डिग्टर' म्हणजे आरोपी. हा शब्द बदलला की गप्प राहण्याचा हक्क समजावून सांगावा लागतो. नवरा, बायको, वाग्दत्त जोडीदार आणि जवळचे नातेवाईक साक्ष द्यायला नकार देऊ शकतात. त्यामुळे बहीण गप्प बसली म्हणून ती कटात आहे असं धरू नका. उलट, घाईघाईने ठरलेला साखरपुडा संशयास्पद असतो.

शेवटी ठेवायचा भाग

'इम श्मेर्त्स गेबोरन' (२०१४) सुरुवातीलाच लावण्याची चूक बरेच जण करतात. पोलिस प्रशिक्षणातले दोन जुने मित्र, त्यांची एकच प्रेयसी, आणि हिशेब चुकता करायला परतलेला त्यांच्यातला एक, हारलोफ. रेल्वे स्थानकावर तीन बंदूकधारी त्याची वाट पाहत असतात, आणि तिघेही मरतात. पुढे प्रेतांची मोजदाद सोडून द्यावी लागते. नाटकातल्या सूत्रधारासारखा एक निवेदक सरळ प्रेक्षकांशी बोलतो, आणि पार्श्वभूमीला सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे. इथे वर सांगितलेला जवळजवळ प्रत्येक नियम मुद्दाम मोडलेला आहे. आधी आठ-दहा साधे भाग पाहिले असतील तरच तो मोडताना दिसतो. नाहीतर नुसता गोळीबार वाटतो. या दोन मित्रांचं काम करणारे नट उलरिश टुकुर आणि उलरिश माथेस समोरासमोर येतात ते प्रसंग सबटायटल बंद करून पुन्हा एकदा पाहा, आणि कागदावर 'डू'चे बाण काढा.