कारखान्याचं पावसाळी गटार: नोटीस आणणाऱ्या या चुका टाळा

"पावसाचं पाणी आहे, जाऊ दे नाल्याला." एमआयडीसीतल्या लहान-मध्यम कारखान्यांना हे वाक्य फार महाग पडतं. छपरावर पडेपर्यंत ते पाणी पावसाचं असतं. आवारातलं तेल, भुकटी, सांडलेलं रसायन घेऊन ते कुंपणाबाहेर पडलं की जबाबदारी कारखान्याची होते. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ मध्ये औद्योगिक सांडपाण्याची व्याख्या मुद्दाम रुंद ठेवलेली आहे: उद्योगाच्या जागेतून बाहेर पडणारा, घरगुती सांडपाणी वगळता, कुठलाही द्रव, वायू किंवा घन पदार्थ. याच कायद्यातल्या 'प्रवाह' या शब्दातही फक्त नदी नाही. काही काळ कोरडा पडणारा ओढा, भूजल आणि भरतीचं पाणी हे सगळं त्यात येतं. मागचा नाला आठ महिने कोरडा असतो, ही सबब त्यामुळे टिकत नाही.

वेगळा परवाना शोधण्यात वेळ घालवू नका. अमेरिकेत पावसाळी पाण्यासाठी स्वतंत्र परवाना असतो, आपल्याकडे कारखान्याला तो विषय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातच (कारखाना चालवायला मंडळ देतं त्या परवानगीत) सापडतो. बहुतेक जण त्यातले उत्पादनाचे आणि सांडपाण्याचे आकडे पाहून फाईल बंद करतात. मागच्या पानांवरच्या अटी वाचा. पावसाळी गटारं आणि सांडपाण्याच्या वाहिन्या वेगळ्या ठेवण्याबद्दल तिथे काय लिहिलंय ते बघून प्लॅन्टच्या नकाशावर दोन रंगांनी रेषा काढा. प्रत्येक चेंबर आणि उताराची दिशा त्यावर यायला हवी. हा नकाशा जुन्या ड्रॉइंगवरून करू नका. झाकणं उचलून, पाणी सोडून बघा. शेड वाढवताना कोणीतरी कुठलातरी पाईप कुठेतरी जोडलेला असतोच.

जुलैत हमखास होणारी चूक म्हणजे आवारात पाणी तुंबलं म्हणून कंपाउंड वॉलला भोक पाडणं. जल अधिनियमाच्या कलम २५ प्रमाणे सांडपाण्यासाठी नवा किंवा बदललेला आउटलेट वापरायलाही आधी संमती लागते. त्या भोकातून दूषित पाणी गेलं तर तो विनापरवाना आउटलेट ठरतो. पाणी तुंबत असेल तर उतार आणि गाळ तपासा.

आता सगळ्यात कामाची तपासणी, आणि तिला काहीच खर्च नाही. चार-पाच दिवस पावसाची उघडीप पडली की पावसाळी गटाराच्या शेवटच्या चेंबरमध्ये वाकून बघा. ते कोरडं असायला हवं. पाणी वाहत असेल तर ते पावसाचं नाही. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचं मीटर आणि पीएच (आम्लता) पट्टी घेऊन उलट दिशेने एकेक चेंबर तपासत जा. टीडीएस खूप कमी लागला तर एसीचं किंवा वाफेचं कन्डेन्सेट (थंड होऊन जमलेलं पाणी) असण्याची शक्यता. टीडीएस नळाच्या पाण्यापेक्षा बराच जास्त असेल तर कूलिंग टॉवरचा ब्लीड (क्षार वाढले म्हणून सोडलेलं पाणी) किंवा आरओचं रिजेक्ट (गाळणीने टाकलेलं खारट पाणी) तपासा. पाणी गरम आणि पीएच १० च्या वर असेल तर बॉयलर ब्लोडाउन (बॉयलरमधून मुद्दाम सोडलेलं पाणी) बघा. फेस आणि खरकट्याचा वास आला की कॅन्टीनचं सिंक. प्रवाह थांबून थांबून येत असेल तर त्या वेळा पंपाच्या वेळांशी जुळवून बघा. अशा वेळी अनेकदा ईटीपीची (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेची) कलेक्शन टाकी ओसंडत असते, आणि ते बऱ्याचदा रात्रपाळीत घडतं.

पावसाळी पाणी ईटीपीला वळवणं हा उपाय वाटतो, पण तीही चूक आहे. हिशेब साधा आहे: १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. २,००० चौरस मीटर काँक्रीटवर १० मिलिमीटर पडला तर २०,००० लिटर होतात. थोडं जिरणं वगळलं तरी १८,००० लिटर अर्ध्या तासात येऊ शकतात. दिवसाला ३०,००० लिटरचा ईटीपी एवढा लोंढा झेलत नाही. टाकीतला थांबण्याचा वेळ घटतो, क्लॅरिफायरमधून (गाळ खाली बसवणाऱ्या टाकीतून) पाणी शुद्ध करणाऱ्या जिवाणूंचा गाळ वाहून जातो आणि पुढचे कित्येक दिवस बीओडी-सीओडी (पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते याची मापं) आवाक्यात येत नाहीत. त्यापेक्षा सांडण्याची शक्यता असलेली जागाच छपराखाली घ्या: ड्रम, टँकर उतरवण्याचा ओटा, तेलकट स्क्रॅप. एवढी जागा झाकली की वळवायचं पाणी फार कमी उरतं. तिथलं पहिल्या सरीचं पाणी वेगळ्या सम्पमध्ये (जमिनीखालच्या टाकीत) धरा, तपासा, मग कुठे पाठवायचं ते ठरवा. ताडपत्री ही तात्पुरती सोय आहे. वाऱ्याने ती पहिल्याच वादळी पावसात उडते.

रसायनाच्या टाकीभोवतीच्या डाईकची (गळती अडवणाऱ्या भिंतीच्या कुंपणाची) क्षमता सर्वांत मोठ्या टाकीच्या ११० टक्के ठेवण्याची पद्धत आहे: १० हजार लिटरच्या टाकीला ११ हजार. पण पावसाचं पाणी साचतं म्हणून कोणी डाईकचा व्हॉल्व्ह कायमचा उघडा ठेवला, तर भिंत नसल्यासारखीच. व्हॉल्व्ह बंद आणि कुलपात हवा. पाणी काढण्याआधी पीएच आणि तेलाचा तवंग बघून रजिस्टरमध्ये नोंद करायची.

तेल सांडलं की पाईप लावून धुण्याची सवय मोडा. आधी गटाराचं तोंड वाळूच्या पोत्यांनी अडवा, मग भुसा किंवा शोषक टाका, झाडून उचला. तो तेलकट भुसा घातक कचऱ्यात जातो, घंटागाडीत नाही. घातक कचरा साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही, हेही लक्षात असू द्या. अपघाताने विषारी पदार्थ नाल्यात गेला किंवा जायची शक्यता दिसली, तर जल अधिनियमाच्या कलम ३१ नुसार मंडळाला ताबडतोब कळवणं बंधनकारक आहे. आधी साफ करू, मग सांगू, असं चालत नाही.

नमुने घेतानाही गडबड होते. तेल व ग्रीसचा नमुना प्लास्टिकच्या बाटलीत घेतला तर तेल बाटलीच्या भिंतीला चिकटतं आणि आकडा खोटा कमी येतो. रुंद तोंडाची काचेची बाटली वापरा. ती त्याच पाण्याने विसळू नका आणि थेट प्रवाहाखाली धरा. पीएच जागेवरच मोजा. निलंबित घन पदार्थांसाठी (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक कणांसाठी) पाणी घेताना तळ खरवडला तर आकडा खोटा वाढतो. अंतर्देशीय जलाशयात सोडायच्या पाण्यासाठी पर्यावरण (संरक्षण) नियमांतल्या सर्वसाधारण मर्यादा अशा: पीएच ५.५ ते ९, निलंबित घन पदार्थ १००, बीओडी ३०, सीओडी २५०, तेल व ग्रीस १० मिलिग्रॅम प्रति लिटर. तुमच्या संमतीपत्रात याहून कडक आकडे असतील तर तेच पाळायचे.

गटारांची सफाई मे महिन्यात करा. मुंबईत मॉन्सूनची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे, पण वळवाचा पाऊस तोवर थांबत नाही. आणि काढलेला गाळ गटाराच्या काठावर ठेवू नका, तो पहिल्याच सरीने परत आत जातो. काळा, तेलकट गाळ असेल तर तपासून त्याची विल्हेवाट लावा. शेवटच्या चेंबरला झडप बसवून घ्या आणि तिचं चाक वर्षभर फिरवत राहा. ऐन गळतीच्या वेळी गंजलेली झडप बंद होत नाही.