स्पॅनिश आकडे: घोकायचं किती आणि फसायला कुठे होतं

शंभरपर्यंत सगळं घोकत बसू नका, गरजच नाही. सत्तेचाळीस, अठ्ठावन्न असे एकेक वेगळे शब्द ज्याने लहानपणी पाठ केलेत त्याला स्पॅनिश आकडे म्हणजे एकदम सोपं काम आहे. पाठ करायचे ते फक्त पंधरापर्यंत: ऊनो, दोस, त्रेस, क्वात्रो, सिंको, सेइस, सिएते, ओचो, नुएबे, दिएस, ओन्से, दोसे, त्रेसे, कातोर्से, किन्से. (स्पेनच्या बऱ्याच भागात सिंकोचं थिंको होतं, लॅटिन अमेरिकेत सरळ स.)

सोळापासून नुसती जोडाजोडी, दिएसिसेइस म्हणजे दहा नि सहा. वीस म्हणजे बेइन्ते, मग बेइन्तिउनो, बेइन्तिदोस हे एकाच शब्दात, आणि तीसपासून मधे सुटा 'इ' येतो, त्रेइन्ता इ ऊनो. पुढची दशकं क्वारेन्ता, सिंक्वेन्ता, सेसेन्ता, सेतेन्ता, ओचेन्ता, नोबेन्ता. यात साठ नि सत्तर ऐकताना हमखास घोळ होतो, सेसेन्ता-सेतेन्ता, मधल्या एका अक्षराचा फरक, तेवढे दोन जरा जास्त वेळा ऐका.

आता 'इ' फक्त दशक आणि एकक यांच्या मधेच येतो हं. 105 म्हणजे सिएन्तो सिंको, तिथे 'इ' घुसडायचा नाही. नुसते शंभर असतील तर सिएन, वर काही सुटे आले की सिएन्तो, पण एक लाख मात्र सिएन मिल. शेकडे दोस्सिएन्तोस, त्रेस्सिएन्तोस असे सरळ जातात, फक्त 500 किनिएन्तोस, 700 सेतेसिएन्तोस, 900 नोबेसिएन्तोस हे तीन वाकडे.

खरी डोकेदुखी लिंगाची. पुस्तक पुल्लिंगी म्हणून उन लिब्रो, टेबल स्त्रीलिंगी म्हणून उना मेसा, इथवर ठीक, पण हे शेकड्यांनाही लागतं, दोस्सिएन्तोस लिब्रोस पण दोस्सिएन्तास मेसास, आणि नेमकं हेच बोलताना सगळे विसरतात.

सरावाला साल घ्या. इंग्रजीसारखं एकोणीस-अठ्ठ्याण्णव असं तोडून नाही म्हणत, 1998 म्हणजे मिल नोबेसिएन्तोस नोबेन्ता इ ओचो, अख्खं. एका सालात हजार, शेकडा, दशक, एकक सगळं येऊन जातं. वेळ सांगताना एक वाजला तर एस ला ऊना, बाकी सगळीकडे सोन लास दोस, सोन लास त्रेस.

आणि बातम्या वाचताना 'बियोन' दिसलं तर थांबा, ते इंग्रजीतलं बिलियन नाही, ते एक लाख कोटी. शंभर कोटीला मिल मियोनेस म्हणतात.