कर्ली तंतू लाल रंगात कसे पाहावेत

ई. कोलाय जिवाणूच्या बायोफिल्मला, म्हणजे पृष्ठभागाला चिकटून वाढणाऱ्या थराला, घट्टपणा देणारे कर्ली हे प्रथिनतंतू साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. काँगो रेड हा रंग मात्र त्यांना धरून बसतो. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम कॅसअमिनो आम्लं (दुधातल्या केसिन प्रथिनापासून मिळणारी), १ ग्रॅम यीस्ट अर्क आणि २० ग्रॅम अगार घ्या. मीठ अजिबात नको. निर्जंतुक केलेलं माध्यम पन्नासेक अंशांवर आलं की गाळून निर्जंतुक केलेला काँगो रेड घाला, मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम. हातमोजे घालाच, रंग घातक आहे.

कल्चरचे थेंब ठेवून प्लेट २६ अंशांवर ४८ तास ठेवा. सवयीने मी पहिल्यांदा ३७ अंश लावले आणि वसाहती फिकट आल्या: प्रयोगशाळेतले ई. कोलायचे बहुतेक के-१२ वाण त्या तापमानाला कर्ली बनवतच नाहीत. दुसऱ्या खेपेला गडद लाल, सुरकुतलेल्या वसाहती पाहिल्या तेव्हा प्लेट खाली ठेववेना!

पण लाल म्हणजे कर्लीच, असं समजू नका. जिवाणूंनी बनवलेलं सेल्युलोजही हा रंग शोषतं. म्हणून शेजारी तुलनेसाठी सीएसजीए हे कर्लीचं मुख्य प्रथिन बनवणारं जनुक काढलेला वाण लावा. त्याच्याशिवाय मी निकाल वहीत लिहीत नाही.